झाकण मिटलं, पण डोळा लागेना

चालू मशीनला हात न लावणारा माणूस पिंपरी-चिंचवडमध्ये अजून जन्माला यायचा आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत ज्याच्या-त्याच्या डिकीत एखादा तरी पाना असतो, आणि तो कुठेतरी लावून पाहिल्याशिवाय त्याला घास जात नाही. शेजाऱ्याची गाडी पहिल्या किकला सुरू झाली तर आम्हाला आनंद होत नाही. "टॅपेट जरा वाजतायत हो," असं म्हणून आम्ही तिच्याशेजारी उकिडवे बसतो. तासाभराने गाडी खरंच बंद पडते, आणि मग सगळ्यांनाच बरं वाटतं.

त्यात माझं खातं क्वालिटी. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये दिवसभर दुसऱ्याच्या जॉबमधले दोष काढायचे आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचा. त्यामुळे घरात आलेला लिनक्सचा लॅपटॉप पहिल्या दिवसापासून नीट चालतोय हे कळल्यावर माझी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा लॅपटॉप आला तो मायक्रोसॉफ्टच्या कृपेने. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ने जुन्या प्रोसेसरांना दारातच अडवलं होतं. ऑफिसातले धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत भंगार ठरले, आणि स्क्रॅपवाला यायच्या आत मी एक उचलला. आकुर्डीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने पेन ड्राइव्ह लावून चहा निवायच्या आत त्यावर लिनक्स चढवून दिलं. वायफाय लागलं, प्रिंटर लागला, मराठी टायपिंगसुद्धा लागलं. जाताना तो म्हणाला, "मामा, सगळं चालतंय. कशाला हात लावू नकोस."

बरं, लॅपटॉप बसला टेबलावर. त्याला बाहेरचा मॉनिटर लावला, कीबोर्ड लावला, माऊस लावला, आणि चार्जरची पिन एकदा लागली ती लागली. तो तिथून हलणार नव्हता. थोडक्यात त्याच्या बॅटरीचा आणि आमचा आयुष्यात संबंध यायचं काही कारण नव्हतं. मला काळजी लागली ती नेमकी तिचीच.

लिनक्समध्ये 'यूपॉवर' म्हणून एक हुकूम आहे. तो सोडला की बॅटरीची जन्मकुंडली समोर येते. आमच्या बॅटरीची डिझाइन क्षमता होती ४५ वॉट-तास. आजची क्षमता १९. म्हणजे ४२ टक्के. टॉलरन्स कितीही सैल धरला तरी हा पीस रिजेक्टच. वर लाल शेरा मारायला कुठे जागा नव्हती, एवढंच.

मी ही बातमी सोसायटीच्या गेटवर सांगितली. इथे कुठलीही बिघाडाची बातमी सांगायची तर गेटवरच सांगावी. सल्ले फुकट मिळतात आणि थांबत नाहीत. रिटायर्ड फोरमन काका म्हणाले, "पूर्ण उतरवायची, मग पूर्ण भरायची. आठवड्यातून एकदा. आमच्या वॉकी-टॉकीला आम्ही हेच करायचो." हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीचा. त्या बॅटऱ्या गेल्या, काका राहिले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये टूलरूमवाल्याने बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. ड्रायव्हरने मागे न बघता सांगितलं, "साहेब, डिस्टिल्ड वॉटर घातलं का?" त्यावर सगळी बस हसली. मीही हसलो.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "लिथियमला शंभर टक्क्यांवर तुंबून राहायला आवडत नाही. त्यात उष्णता असली की अजून लवकर म्हातारी होते. तुझा लॅपटॉप कायम प्लगला असतो ना? मग चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबव." काही लॅपटॉपांत याची सोय असते. एका फाइलमध्ये ८० हा आकडा लिहायचा, की चार्जिंग तिथे थांबतं. मी लिहिला. आता ४२ टक्के उरलेल्या बॅटरीचेही मी ८० टक्केच वापरणार होतो. १९ चे ८० टक्के म्हणजे १५.२ वॉट-तास. पगारातून पीएफ कापून घेतल्यावर होतं तसलं समाधान मला झालं: हातात काही नाही, पण भविष्य सुरक्षित.

इथे थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण त्या रात्री मला 'पॉवरटॉप' भेटला.

पॉवरटॉप हे इंटेलच्या मंडळींनी केलेलं साधन. कुठला प्रोग्रॅम, कुठला भाग किती वीज खातो हे ते दाखवतं. एवढ्यावर भागलं असतं, पण त्याच्या एका पानावर एक यादी असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक तर 'गुड' लिहिलेलं असतं, नाही तर 'बॅड'. ध्वनी: बॅड. माऊस: बॅड. डिस्कची लिंक: बॅड. कसलासा पीसीआय पूल: बॅड. क्वालिटीच्या माणसाच्या हाती रात्री अकरा वाजता 'बॅड' शब्दांनी भरलेलं पान देणं हा छळ आहे. कुठल्याही ओळीवर जाऊन एंटर मारला की 'बॅड'चं 'गुड' होतं. आयुष्यात पहिल्यांदाच सगळा लॉट असा एंटर मारून पास होत होता. मी खाली-वर करत सगळं पान गुड केलं आणि कृतार्थ होऊन माऊसला हात लावला.

माऊस झोपला होता. दोन सेकंद हात काढला की तो झोपायचा आणि नुसता हलवून उठायचा नाही. टिचकी मारावी लागायची. टिचकी मारली की उठताना तो जिथे बाण असेल तिथेच क्लिक करून टाकायचा. अशाने मी एका सप्लायरला लिहिलेला अर्धवट मेल, त्यात शिव्या सोडून अजून काही लिहायच्या आत, पाठवून मोकळा झालो. त्याचं उत्तर तातडीने आलं. एरवी त्याचं उत्तर महिनोन्‌महिने येत नाही.

दुसरी भानगड आवाजाची. ध्वनीचं 'गुड' झाल्यामुळे, काही वाजत नसलं की स्पीकरची वीज तोडली जायची आणि तोडताना 'टक्' असा आवाज यायचा. शांत घरात, मध्येच, टक्. बाजूच्या पलंगावरून आई म्हणायची, "कृष्ण कृष्ण." तिला वाटायचं पाल चुकचुकली. मी तिला समजावलं, की ही पाल नाही, ही विजेची बचत आहे. ती म्हणाली, "किती वाचली?" मी चार्जर काढून, पॉवरटॉप लावून, कागदावर आकडे मांडून सांगितलं, "अर्ध्या वॉटच्या आतबाहेर." तिने हॉलकडे बोट केलं. तिथे माणूस नसताना जुना सीलिंग फॅन संध्याकाळपासून फिरत होता. तो पंखा ७५ वॉट खातो. मी उठून तो बंद केला. तेवढ्यात लॅपटॉपने मला निष्क्रिय ठरवून स्क्रीन काळी केली.

सकाळी मशीन नव्याने सुरू केलं तर पान पुन्हा बॅडच्या बॅड. पॉवरटॉपच्या पानावर केलेले बदल रीस्टार्टनंतर टिकत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते टिकवायला 'टीएलपी' नावाचं दुसरं साधन असतं. ते बसवायला गेलो तर कळलं की घरात आधीच 'पॉवर प्रोफाइल्स' नावाची व्यवस्था आहे, आणि दोघांचं एका छपराखाली पटत नाही. एकाला ठेवायचं तर दुसऱ्याला काढा. चाकणला रस्त्यात खड्डा पडला की तो कुणाच्या हद्दीतला यावर जे चालतं, तेच आता पंधरा इंचाच्या स्क्रीनमध्ये चालू झालं.

झोपेच्या विषयात मात्र आम्ही लिनक्सला चार गोष्टी शिकवू शकलो असतो. आमचं गाव तीन पाळ्यांचं. लॅपटॉपच्या झोपेचे नियम १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी बसून लिहिले. त्याला 'एसीपीआय' म्हणतात. त्यातली 'एस-थ्री' म्हणजे खरी झोप. बाकी सगळं बंद, फक्त मेमरीत धुगधुगी. नाइट करून आलेला माणूस सकाळी अकराला खिडकीला चादर लावून झोपतो ती ही. नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा ती मिळतच नाही. त्यांच्या वाट्याला 'एस-टू-आयडल' येते, म्हणजे कंपनीच्या बसमधली डुलकी: मान काचेवर, तोंड उघडं, पण मोशी आली की डोळा आपोआप उघडतो. तिसरी 'हायबरनेट'. त्यात डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून वीजच तोडायची. त्यासाठी डिस्कवर 'स्वॅप' नावाची जागा लागते, साधारण मेमरीएवढी. आमच्या मेमरीला ८ जीबी आणि स्वॅपला २. म्हणजे पाहुणे आठ आणि गादी दोघांपुरती. लिनक्सने तो पर्यायच मेनूत दाखवला नाही. आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा हे बरं.

मग एस-थ्री लावली. लॅपटॉप गाढ झोपायचा आणि सकाळी सातला उठून बसलेला असायचा. वरच्या मजल्यावरच्या वहिनी सातला लसणाची चटणी खलबत्त्यात कुटतात. त्या धक्क्याने टेबल हलायचं, टेबलाने माऊस हलायचा, आणि माऊसला झोपलेल्या लॅपटॉपला उठवायचा अधिकार होता. 'वेकअप' नावाच्या यादीत यूएसबीच्या पुढे तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. तो अधिकार मी काढून घेतला. वहिनींना काही बोललो नाही, कारण चटणीची वाटी आमच्याकडेही येते.

आता झाकण. मॉनिटर लावून काम करताना लॅपटॉपचं झाकण उघडं कशाला, असं मला वाटलं. पण मिटलं की तो झोपला तर? म्हणून भाच्याला न विचारता, झाकणाचा कारभार बघणाऱ्या 'लॉगइनडी'च्या फाइलमध्ये मी झाकणाच्या ओळीपुढे 'इग्नोर' असं लिहिलं. म्हणजे झाकण मिटो, उघडो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. मिटल्या झाकणाने काम उत्तम होऊ लागलं.

आणि त्याच आठवड्यात कस्टमरचं बोलावणं आलं. आमच्या एका ब्रॅकेटला बर, म्हणजे कडेला पत्र्याची खरखरीत धार, राहत होती आणि त्यावरचं उत्तर महाळुंग्याला जाऊन त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांपुढे सादर करायचं होतं. ऑफिसचा लॅपटॉप सेल्सवाला घेऊन गेलेला. सकाळी मी घरच्या लॅपटॉपचं झाकण मिटलं, बॅगेत कोंबला, बॅग पोटाशी धरली आणि निघालो. भोसरी गेली, मोशी गेली. चिंबळी फाट्यापाशी पोटाला ऊब जाणवू लागली. थंडीचे दिवस, मला बरंच वाटलं. कुरुळीला घाम आला. तळेगाव चौकात आम्ही उभे राहिलो. तिथे सगळेच उभे राहतात. कंटेनर, टेम्पो, बस, कांद्याचा ट्रॅक्टर, आणि त्या सगळ्यांतून उलट्या दिशेने येणारा एक बुलेटवाला. शेजारचा म्हणाला, "साहेब, डबा अजून गरम आहे वाटतं?" बॅगेतून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मीटिंग रूममध्ये लॅपटॉप बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर पापड भाजता आला असता आणि बॅटरीत काही उरलं नव्हतं. चार्जर चिंचवडला टेबलामागे, पिन लावलेला. साहेब मोबाईलकडे बघत बसले. आमच्या मेंटेनन्सच्या मामांनी पिशवीतून रिपोर्टची प्रिंट काढली. मामा कुठेही जाताना प्रिंट नेतात. त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही, आणि माझ्यामुळे तो वाढण्याची शक्यता उरली नाही.

परत आल्यावर कंपनीच्या रिवाजाप्रमाणे व्हाय-व्हाय ॲनालिसिस झालं. पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं, अशी जपानहून आलेली पद्धत आहे. आमच्या साहेबांनी विचारलं, "प्रेझेंटेशन का झालं नाही?"

"बॅटरी संपली."

"का?"

"लॅपटॉप बॅगेत चालूच होता."

"का?"

"झाकण मिटल्यावर झोपला नाही."

"का?"

"झाकणाकडे बघू नकोस असं त्याला लिहून दिलं होतं."

"का?"

इथे मी अडलो. कारण दरम्यान भाच्याने फोनवर सांगितलं होतं, की बाहेरचा मॉनिटर जोडलेला असला तर मिटलेल्या झाकणाकडे दुर्लक्ष करायचं, ही तजवीज लॉगइनडीत मुळापासून असते. मी काही लिहिलं नसतं तर घरी तो जागा राहिला असता आणि बॅगेत झोपला असता. पाचव्या 'का'ला जगात उत्तर नाही. साहेबांनी उपाययोजनेच्या रकान्यात लिहिलं: 'ऑपरेटरला समज देण्यात आली.' चाकण पट्ट्यातले निम्मे रिपोर्ट याच वाक्यावर बंद होतात. हाही झाला.

खरं म्हणजे विजेचं व्यवस्थापन आमच्या गावाच्या रक्तात आहे. सगळं जग रविवारी सुट्टी घेतं. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. विजेवर सगळ्यांचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या आठवड्यात वाटून दिल्या गेल्या, त्यात आमच्या पदरात गुरुवार पडला. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या साखरपुड्यांना अर्धे मामा गैरहजर राहिले ते यामुळे. राज्यभर भारनियमनाने लोक काळोखात बसत होते तेव्हा, २००६ साली, इथल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवून शहराचा अंधार टाळला; त्या जादा खर्चाचा वाटा ग्राहकांच्या बिलात आला. 'पुणे मॉडेल' म्हणून ते गाजलं. अशा गावचा मी. मला एका लॅपटॉपची बॅटरी सांभाळता येऊ नये?

संधी गुरुवारीच आली. सुट्टी कारखान्याला असते, रिपोर्टला नसते. बर-प्रकरणाचा सुधारित रिपोर्ट शुक्रवारी सकाळी हवा होता आणि सकाळी दहाला देखभालीसाठी वीज गेली. पाच-सहा तास येणार नव्हती. मला तर आनंदच झाला. एवढे दिवस ज्या प्रसंगासाठी बॅटरी जपली तो हाच. आमच्या चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली मूठभर माणसं घेऊन शाइस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला. मला फक्त दुपारचं जेवण होईपर्यंत लढवायचा होता.

कोपऱ्यात आकडा होता ८० टक्के. खाली लिहिलं होतं, 'एक तास बत्तीस मिनिटं शिल्लक.' भांडणात शेवटी घरात राहिलेल्या टीएलपीच्या कृपेने बॅटरीवर येताच प्रोसेसर सावकाश झाला. कॅल्कमध्ये एक कॉलम सॉर्ट करायला टाकला आणि तो करेपर्यंत मी दाढी केली. स्क्रीन मंद झाली, मी डोळे बारीक केले. ६१ टक्के. वायफायने वीज वाचवायला सुरुवात केली, पण राउटरच बंद असल्याने ते आम्हाला चाललं. ४४ टक्के. मी आलेख काढायला घेतला. ३९ टक्के. मग, मधले आकडे गाळून, ६ टक्के. जुन्या बॅटऱ्या अशा शेवटी शेवटी हिशेब विसरतात. लॅपटॉपने मला नम्रपणे कळवलं, की आता तो झोपणार आहे. हायबरनेटला गादी नव्हती म्हणून तो सरळ बंद झाला, आलेखासकट.

अंधाऱ्या खोलीत मी हाक मारली, "अगं, इन्व्हर्टरवर लाइट लागत नाहीये का?"

"अहो, इन्व्हर्टर दिवाळीपासून शिट्टी मारतोय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "बॅटरीत पाणी घाला, पाणी घाला म्हणून किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, थांब, एवढं माऊसचं होऊ दे."

बाल्कनीत जाऊन पाहिलं. दीडशे अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी, सहा झाकणं, सहाही खुणा लालवर. बसचा ड्रायव्हर आठवला. रिपोर्ट शेवटी मामांनी पेनाने लिहून पाठवला आणि तो कस्टमरने मंजूरही केला.

लॅपटॉपवर सध्या भाच्याने सगळं पुसून मूळचं ठेवलं आहे, आणि पासवर्ड बदलून तो माझ्या आईला दिला आहे. वाचकांना विनंती एवढीच, की ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी आज संध्याकाळी त्याच्या बॅटरीची झाकणं बघून घ्यावीत. पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाचं नाही. खूण हिरव्यावर आली की थांबायचं. त्याच्यापुढे तिथे एकही सेटिंग नाही.